लेम्पीचा नियम आणि आर्वोच्या बंदुका

दोरीवर दोन शर्ट आणि एक चादर, तीही एकाच चिमट्यावर लोंबणारी. बाकीचे ओले कपडे टोपलीतच, खाली गवतावर. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्त्यापलीकडचं आर्वोचं अंगण सरळ दिसतं. भांडी विसळताना वाटलं, फोन आला असेल, आत गेला असेल. पिठाचा गोळा मळून झाकून ठेवला, तरी टोपली तिथेच. पाव भट्टीत गेला, तरीही तिथेच. मग मात्र माझं चित्त पावात राहिलं नाही.

आर्वो पेल्कोनेन हा माझ्या थोरल्या बहिणीचा, लेम्पीचा, नवरा. काम अर्धवट टाकून उठणारा माणूस तो नव्हेच. नोकरीभर त्याने सरकारी रस्त्यांवरचा बर्फ लोटायची गाडी चालवली. राज्याच्या आमच्या या उत्तर टोकाला बर्फ एकदा पडायला लागला की थांबायचं नाव घेत नाही, पण आर्वोची गाडी अर्ध्या रस्त्यावरून परत फिरली असं गावात कोणी सांगणार नाही. बोलणं मात्र बेताचं. लग्नाला होकार देतानासुद्धा तो नुसतं "बरं" म्हणाला होता, असं लेम्पी सांगायची. विचारलं होतं तिनेच.

आणि बंदुका. चर्चच्या तळघरात तो वर्षानुवर्षं शिकारीच्या परवान्याचा वर्ग घ्यायचा. गावातल्या प्रत्येक पोराच्या हातात पहिल्यांदा त्याने लाकडाची खोटी बंदूक दिली आणि त्याचा पहिला धडा सगळ्यांना पाठ होता: उंबरा ओलांडायच्या आधी बंदूक रिकामी करायची, बोल्ट काढायचा. बोल्ट म्हणजे रायफलीच्या पाठीतला सरकता लोखंडी दांडा. तो काढला की बंदूक म्हणजे नुसती काठी.

लेम्पी जानेवारीत गेली. त्या दिवसांत आमच्याकडे जमीन दगडासारखी गोठलेली असते, कुदळ लागत नाही. हिवाळ्यात देवाघरी गेलेल्यांना वसंतापर्यंत थांबावं लागतं. शवपेटी स्मशानातल्या दगडी खोलीत ठेवतात, जमीन विरघळली की दफन. आर्वो रोज तिथे जाऊन दारासमोरचा बर्फ काढून यायचा. कोणी सांगितलं नव्हतं. मेमध्ये दफन झालं, स्तोत्रं झाली, कॉफी झाली, पाहुणे गेले. आम्ही सगळे म्हणालो, सुटला एकदाचा बिचारा, आता सावरेल. इथेच आमचं चुकलं. दफनापर्यंत त्याला काम होतं. दफनानंतर काही उरलंच नाही. कपडे अर्धे राहिले तो दिवस दफनाच्या पुढच्याच आठवड्यातला.

रस्ता ओलांडताना मी प्रार्थना केली, "प्रभू, शब्द दे. नसशील देणार, तर निदान माझं तोंड बंद ठेव."

आर्वो टेबलाशी बसला होता. समोर रायफल. बोल्ट आत.

"कपडे राहिलेत बाहेर," मी म्हटलं.

"राहू देत."

"कावळे बसतील."

"बसू देत."

मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "साफ करत होतो."

टेबलावर ना तेल, ना चिंधी. शिकारीचा मोसम नोव्हेंबरात, अजून मे सरायचा होता. आणि आर्वो पेल्कोनेन बोल्ट न काढता बंदूक घरात, जेवणाच्या टेबलावर ठेवतो! खुर्ची ओढून मी त्याच्यासमोर बसले.

"आर्वो, जीव द्यायचा विचार करतोयस का रे?"

असं तोंडावर विचारायचं धैर्य माझं नव्हे, वरून मिळालेलं, हे मला ठाऊक आहे.

"विचार येतो," तो म्हणाला. "जातोही."

"आज?"

"आज जरा बसून राहिला."

मी हात पुढे केला. त्याने बंदुकीवर पंजा ठेवला. "हात लावू नकोस, इर्मा. माझी आहे ती."

"बरं. नाही लावत. पण मी इथून हलणारही नाही. पाव जळला तर जळो."

"जळेल," तो म्हणाला, आणि ते खरंच झालं.

मी कॉफी ठेवली. त्याच्या देखतच, त्याला सांगून, त्याच्या मुलीला फोन केला. लपूनछपून काही करायचं नव्हतं. जे बोलायचं ते त्याच्या कानांवर पडू दे, असं मला वाटलं. फोन संपेपर्यंत आर्वोने स्वतः उठून रायफल कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली पँटच्या खिशात टाकली. किल्ली मागितली तर नाही म्हणून मान हलवली. शेवटी त्या रात्री माझा नवरा व्हिक्टर गादी घेऊन तिकडे गेला आणि कपाटाच्या दाराला पाठ लावून झोपला. सकाळी म्हणतो कसा, "तुझ्या दाजींनी मला पांघरूण घातलं. घोरतो म्हणून शिव्याही घातल्या." शिव्या घातल्या हे ऐकून मला जरा बरं वाटलं.

हायडी, आर्वोची एकुलती एक मुलगी, डेट्रॉइटमध्ये नर्स आहे, अपघात विभागात. ती सगळं राज्य पार करून, वाटेत फक्त पेट्रोलला थांबत, दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचली. मी आणि व्हिक्टर तिथेच होतो. बापाच्या गळ्यात पडली. मग पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवले.

या बापलेकींचा बंदुकांवरून वाद जुना होता. ती म्हणायची, "बाबा, गोळी लागलेली पोरं स्ट्रेचरवरून येतात, त्यांच्या आयांना बाहेर जाऊन सांगायचं काम माझं असतं. एकदा या माझ्या जागी." तो म्हणायचा, "गुन्हेगार कायदा वाचून गुन्हा करत नाही. तुम्ही शहरातल्या पापाची शिक्षा आम्हाला देता." घरच्या माणसाने अर्ज केला तर न्यायाधीश बंदुका काढून घेऊ शकतात, असा कायदा आमच्या राज्यात झाला, तेव्हा आर्वो गावच्या सभेत उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच. "आज माझी नेतील, उद्या तुमची," एवढंच बोलून बसला, आणि टाळ्या पडल्या. हायडीने त्यावर महिनाभर फोन केला नव्हता. दोघांच्या मध्ये लेम्पी असायची. ती दटावायची, "जेवणाच्या टेबलावर बंदूक नको. हातातही नको, तोंडातही नको."

आता लेम्पी नव्हती, आणि टेबलावर त्याच कायद्याचा अर्ज होता.

"भरलाय," हायडी म्हणाली. "सही राहिलीय."

आर्वोने चष्मा न लावताच ओळखलं. "पोलिसांना माझ्या दारात आणणार?"

"आणावं लागलं तर आणीन."

"कोण येईल ठाऊक आहे? हाल्वरसनांचा तो लाल केसांचा पोरगा. त्याला बंदूक धरायला मी शिकवलंय, चर्चच्या तळघरात. तो येऊन माझ्या बंदुका नेणार? गाव बघणार?"

"बाबा, गावाची लाज आणि तुमचा जीव यात मी काय निवडू? सांगा ना!"

"माझा जीव माझा आहे."

"एकट्याचा नाहीये!" ती ओरडली. मग आवाज एकदम बसला. "आईला आत्ता कुठे मातीत ठेवून गेले. जमीन अजून मऊ आहे, बाबा. मला परत खणायला लावू नका."

मी एप्रनच तोंडाला लावला. आर्वोची मान खाली. मला वाटलं, आता हा उठून बाहेर जाईल आणि सगळं हातचं जाईल.

हायडीने अर्ज बाजूला सारला. उठून ती ओट्यावरच्या फळीशी गेली, तिथला कॉफीचा रिकामा पत्र्याचा डबा काढला आणि बापासमोर ठेवला.

या डब्याची रीत आमच्या घरातली. जंगलात पेल्कोनेन मंडळींची शिकारीची खोपटी आहे. मोसमाचे पहिले दिवस सगळे पुरुष तिथे राहतात आणि लेम्पी रांधायला जायची. संध्याकाळी दारात उभी राहायची, हातात तो डबा. प्रत्येकाने बोल्ट काढून डब्यात टाकल्याशिवाय कोणालाही ताट मिळायचं नाही. नवरा असो, मोठा दीर असो, नाहीतर पाद्री असो. सकाळी कॉफी पिऊन झाली की बोल्ट परत. आजवर कोणाचा त्यात अपमान झाला नाही. बंदूक ज्याची त्याचीच राहायची. रात्रीपुरता तिचा जीव लेम्पीपाशी.

"आईचा नियम," हायडी म्हणाली. "हा तर सरकारने नाही ना केला?"

आर्वोने डब्याच्या काठावरून बोट फिरवलं.

"तुम्ही दमलायत, बाबा. खोपटीवर दमून आल्यावर बोल्ट देत होतात ना?"

"रात्रीपुरते," तो म्हणाला.

"मग रात्र संपेपर्यंत."

तो उठला. कपाटाची किल्ली फिरल्याचा आवाज आला. व्हिक्टर त्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. आतून लोखंडाची खडखड, मग आर्वो दोन्ही हात भरून बाहेर आला. रायफलींचे बोल्ट होते, छऱ्याच्या बंदुकीची सोडवलेली नळी होती, काडतुसांची खोकी होती. बोल्ट त्याने एकेक करून डब्यात टाकले. जोरात नाही. अंडी ठेवावीत तसे. मग डबा उचलून, नळी आणि खोक्यांसकट, हायडीला नाही, मला दिला.

"खोपटीवरची बाई आता तूच," तो म्हणाला. "आणि ओलीत ठेवू नकोस. तेल लाव. गंजले तर तुझी खैर नाही."

"मलाच दम देतोस?" मी म्हटलं आणि रडायलाच लागले. व्हिक्टर म्हणाला, "बघा, पाव जळला तेव्हा डोळ्यांत टिपूस नव्हता." आर्वोला हसू आलं. हसू म्हणजे काय, मिशीची एक बाजू हलली. पण लेम्पी गेल्यापासून मी ती हललेली पाहिली नव्हती. प्रभूचे उपकार मी तिथेच, उभ्याउभ्या मानले.

हायडी पंधरवडाभर राहिली. त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. गोळ्या सुरू झाल्या, आणि दर आठवड्याला एका बाईंशी जाऊन बोलायचं ठरलं. "काय बोलतोस रे?" मी एकदा विचारलं. म्हणाला, "तीच बोलते. मी पैसे वसूल व्हावेत म्हणून मधूनमधून काहीतरी सांगतो." पण चुकवत नाही. आता झोप लागते. कपडे धुतले की सगळे वाळत घालतो, आणि चादरीला दोन चिमटे लावतो.

वाद मिटला का? छे! जाण्याच्या आदल्या दिवशी अंगणात बसून दोघांनी पुन्हा सुरू केलं. हायडी म्हणाली, "तो कायदा नसता तर मी हातात काय घेऊन आले असते? कागद बघितलात म्हणून डबा दिसला तुम्हाला."

"कागदावर मी एक खिळासुद्धा दिला नसता," आर्वो म्हणाला. "मी दिलं ते माझ्या हातांनी दिलं. ज्याला मागणारं घरचं कोणी असेल त्याने द्यावं."

"आणि ज्याला घरचं कोणी नाही त्याचं काय?"

आर्वोने गवताची एक काडी उपटली. मग म्हणाला, "ते मी अजून बघतोय." माझ्या आठवणीत मुलीपुढे तो एवढा मागे सरकलेला मी पाहिला नव्हता. तीही जिंकल्यासारखी काही बोलली नाही. नुसती त्याच्या खांद्याला टेकून बसली.

सप्टेंबरात, पानं लाल व्हायला लागली तेव्हा, एका दुपारी आर्वो माझ्या दारात आला. टोपी हातात. माझ्या मनात पहिला विचार डब्याचाच आला. मागायला आला असेल, मोसम जवळ आलाय, काय सांगू? हायडीला फोन करू का?

"इर्मा," तो म्हणाला, "यंदा मी बंदूक नेणार नाही."

"बरं," मी म्हटलं.

"पुढच्या वर्षी बघू. डॉक्टर, हायडी आणि तू, तिघंही हो म्हणालात तर. तोवर आहे तिथे राहू दे. कोणी काढून घेतलं असं नाही वाटत मला. ठेवायला दिलंय असं वाटतं." जरा थांबून म्हणाला, "रात्र बरीच सरलीय. पण पूर्ण नाही."

एवढं सलग तो लग्नातही बोलला नव्हता. मी त्याला आत ओढला, कॉफी दिली, ताज्या पावाचा कडेचा तुकडा दिला. तो त्याला आवडतो. बाहेर ऊन पडलं होतं आणि माझ्या खांद्यावरून मे महिन्यापासूनचं काहीतरी जड उतरल्यासारखं झालं. संध्याकाळच्या प्रार्थनेत मी मागितलं काहीच नाही.

चर्चच्या तळघरातली, इमारत गरम ठेवणारी भट्टी यंदा पेटत नाहीये, तिचा पट्टा तुटलाय. दुरुस्ती आर्वोने अंगावर घेतलीय. उद्या सकाळी त्याला हॉटन गावी जाऊन नवा पट्टा आणायचा आहे.