टायफॉईड लिहायला सांगितलं, त्याबद्दल

प्रिय मुक्ता आणि ओजस,

लासूर स्टेशनवर पॅसेंजर दोनच मिनिटं थांबायची. बाबांनी माझी ट्रंक आत ढकलली. आई खिडकीचे गज धरून म्हणाली, "काय बी झालं तं मनात ठिव. लोकायला सांगू नको." मी अठरा वर्षांची होते आणि औरंगाबादला नर्सिंग शिकायला निघाले होते. जेमतेम तासाभराचा प्रवास. समुद्रापार गेलेल्या तुम्हाला हसू येईल, पण आमच्या घरातून शिकायला बाहेर पडलेली मी पहिली.

हॉस्टेलवर कमल माझी रूममेट होती. तिसऱ्या वर्षी तिने मेट्रनना सरळ सांगितलं की झोप लागत नाही, जगावंसं वाटत नाही. दुसऱ्याच दिवशी तिचे वडील येऊन तिला घेऊन गेले. टीबी झालेल्या मुलीला आम्ही आळीपाळीने डबे पोचवले होते, कमलला मात्र कुणी साधं पत्र लिहिलं नाही. "येडी नर्स इंजेक्शन कुठं टोचंल काय सांगावं," असं मेसमध्ये कुणी म्हणालं, आणि मीही हसले. तेव्हा मलाही झोप लागत नव्हती. औषधांची ट्रॉली मी सात-सात वेळा तपासायची आणि ट्यूटर माझ्या व्यवस्थितपणाचं कौतुक करायच्या. खरं लिहायचं तर मला कमलची दया आली नाही. तिचा हेवा वाटला. ती बोलून मोकळी झाली होती.

पुढे नोकरी लागली, लग्न झालं, तुमचे बाबा झाले. ते वर्षाचे असताना मला सकाळी अंथरुणातून उठवेनासं झालं. शहरातले सगळे डॉक्टर ओळखीचे, म्हणून मी जालन्याला जाऊन दाखवून आले. गोळ्या शहागंजातल्या एका दुकानातून घ्यायचे, सासूबाईंसाठी म्हणून. दुकानदार आपुलकीने विचारायचा, "सिस्टर, सासूमाँ को नींद बराबर आ रई ना?" सासूबाई भरदुपारीसुद्धा घोरत असत. त्या वारल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचली, तेव्हा मला दुकान बदलावं लागलं. नव्या दुकानात मी लासूरच्या आईला आजारी पाडलं. घरी त्या गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत असायच्या. तुमचे आजोबा गेले तोवर त्यांना त्या व्हिटॅमिनच्याच वाटत होत्या.

आणि मुक्ता (ओजस, तुझ्या बहिणीला मी काय बोलले ते तूही वाच), गेल्या महिन्यात तू व्हिडिओ कॉलवर टोस्ट खात खात सांगितलंस की तुला डिप्रेशन आहे, नर्सिंगच्या ट्यूटरनी वॉर्डची ड्यूटी महिनाभर थांबवली आहे, वर्गातल्या सगळ्यांना माहीत आहे आणि मुली सूप घेऊन येतात. मी काय म्हणाले? "रजेच्या अर्जात टायफॉईड लिहायचं होतंस. उद्या तुझ्या हाती पेशंट कोण देईल?" तू म्हणालीस, "आज्जी, तू नर्स होतीस ना?" आणि फोन ठेवलास. त्यानंतर तीन रविवार तुझा फोन नाही.

ती काळजी होती, अशी मी स्वतःची समजूत घालून पाहिली. पटली नाही. मला त्या सुपाचा हेवा वाटला. चाळीस वर्षं मी वॉर्डात लोकांच्या पाठी चोळल्या, रात्रपाळ्या केल्या, पण माझ्यासाठी वाटीभर सूप कुणी आणलं नाही, कारण मी कुणाला कळूच दिलं नाही. दोष कुणाला देऊ?

मला डिप्रेशन आहे. अजूनही गोळी घेते. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिलं, तेही चार कागद फाडून.

लासूरचं घर कधीच विकलं. औरंगाबादेतला, पडेगावचा फ्लॅट नीटनेटका आहे, दारावर माझं नाव आहे. पण आजाराचं खरं नाव ज्यांना सांगता येतं ती माणसं म्हणजे घर, असं धरलं, तर तुला ते परक्या देशात दोन वर्षांत मिळालं आणि मी तासाभराच्या वाटेवर निघालेली अजून पोचलेली नाही.

या रविवारी फोन कर. तुझ्या मैत्रिणी येतात तेव्हा काय बोलतात, तू आधी कुणाला सांगितलंस, कसं सांगितलंस, सगळं सांग. ऐकताना मला पुन्हा हेवा वाटेल. तरी थांबू नकोस.

तुमची,
आज्जी