मॅरेनने सोडलेली जागा

जनावरांची डॉक्टर व्हायचं नेमकं कधी ठरवलं, हे शेल्बी व्रोबेलला स्वतःलाही सांगता आलं नसतं. व्हेटर्नरी कॉलेजच्या मुलाखतीत पहिला प्रश्न हाच आला. बाकीच्या उमेदवारांकडे म्हणे एकेक गोष्ट तयार असते. कुणाचं कुत्रं लहानपणी गाडीखाली आलेलं, कुणी पंख मोडलेला कावळा पाळलेला. शेल्बीकडे तसलं काही नव्हतं. तिचा बाप स्टॅन दुधाचा टँकर चालवायचा. विस्कॉन्सिनच्या पश्चिम अंगाला गोठ्यागोठ्यांतून दूध गोळा करायचं आणि चीजच्या कारखान्यात नेऊन ओतायचं, हे त्याचं काम. शेल्बी शाळकरी असतानाच आई अ‍ॅरिझोनाला निघून गेली आणि तिकडेच दुसरा संसार मांडून बसली. सुट्टीच्या दिवशी पोरीला घरी एकटी कुठे ठेवायची, म्हणून स्टॅन तिला टँकरमध्ये शेजारी बसवून न्यायचा. पाइप जोडून दूध वर चढेपर्यंत ती गोठ्यात जाऊन उभी राहायची. गाई तिच्याकडे बघायच्या, ती गाईंकडे.

"मला तिथे बरं वाटायचं," एवढंच ती मुलाखतीत म्हणाली. समोरच्या तिघांनी माना खाली घालून काहीतरी टिपून घेतलं. चांगलं की वाईट, देव जाणे.

पदवीचं शेवटचं वर्ष चाललं होतं. कॉलेज लहानसं, नदीकाठच्या गावातलं. लाँड्रीच्या मागच्या जुन्या घराचा वरचा मजला शेल्बी आणि मॅरेन अशा दोघींनी मिळून भाड्याने घेतला होता. पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत दोघींच्या वाट्याला एकच डुकराचं पिल्लू चिरायला आलं होतं, तेव्हापासूनची ही मैत्री. पदवीनंतर जायच्या व्हेटर्नरी कॉलेजांचे अर्जही दोघींनी स्वयंपाकघरातल्या एकाच टेबलावर, एकाच पिझ्झ्याचे तुकडे खात भरले होते. शेल्बीने चार ठिकाणी, मॅरेनने पाच ठिकाणी.

नाताळच्या आधीच मॅरेनला पहिला होकार आला, तोही पूर्वेकडच्या, समुद्राजवळच्या एका मोठ्या कॉलेजचा. ती जिन्यावरूनच ओरडत आली. शेल्बीने तिला उचलून गोल फिरवलं. मनापासून फिरवलं; त्या दिवशी पोटात काही दुखलं नाही.

दुखायला जानेवारीत लागलं. शेल्बीला एक नकार आला, मग दुसरा. दोन्ही इतके गोड शब्दांत लिहिलेले, की नकार आहे हे शेवटच्या ओळीपर्यंत कळू नये. तिसऱ्या कॉलेजने काहीच कळवलं नाही. राहिलं त्यांच्या स्वतःच्या राज्यातलं एकुलतं एक कॉलेज. तिथे दोघींच्या मुलाखती झाल्या, आणि फेब्रुवारीत एकाच सकाळी दोघींना मेल आले. मॅरेनला जागा मिळाली होती. शेल्बीचं नाव वेटिंग लिस्टवर होतं.

"वेटिंग म्हणजे नाही नव्हे," मॅरेन म्हणाली.

"हो गं."

"दर वर्षी लोक सोडतात. एकेकाकडे तीन-तीन जागा असतात."

बोलून गेली आणि तिची तीच गप्प झाली. कारण तिच्याकडे दोन होत्या, आणि त्यातली एक नेमकी तिथलीच. कुठली घ्यायची ते सांगायला एप्रिलच्या मध्यापर्यंत मुदत होती. तोपर्यंत दोन्ही धरून ठेवायला तिला कुणाची आडकाठी नव्हती.

त्या दिवसापासून घरात एक तिसरं कुणीतरी राहायला आल्यासारखं झालं. दोघी कॉफी प्यायच्या, परजीवींच्या तासाची टिपणं एकमेकींना द्यायच्या, बाथरूमच्या तुंबलेल्या मोरीवरून भांडायच्याही. पण त्या एका गोष्टीपाशी आल्या की दोघींचं घोडं अडायचं. मॅरेनच्या आईचा फोन आला की ती आत जाऊन दार लोटून घ्यायची. पूर्वी स्पीकरवर टाकायची, आणि तिची आई विचारायची, "माझी दुसरी पोर जेवली का?" आता ते बंद झालं. मॅरेन हे दयेपोटी करते आहे, हे शेल्बीला कळत होतं. दया कळते, म्हणून तर ती टोचते.

शेल्बीने मग घरात थांबणंच कमी केलं. जीवरसायनशास्त्राचा पेपर अजून व्हायचा होता आणि त्यात गुण कमी पडले तर वेटिंगवरूनही नाव कटेल, हे निमित्त तिला पुरेसं होतं. ती वाचनालयाच्या तळघरात बसायची. पुस्तक उघडून ठेवायची आणि फोनवर अर्जाचं पान पुन्हा पुन्हा उघडायची. "आपला अर्ज प्रतीक्षेत आहे." ओळ तीच. तरी बोट आपसूक तिकडे जायचं, दुखऱ्या दाताकडे जीभ जाते तसं.

शुक्रवारी बाप भेटायला यायचा. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस होते; शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून गावातल्या बारमध्ये तळलेल्या माशाची ताटं लागलेली असायची. स्टॅन टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचा आणि मासा संपेपर्यंत बोलायचा नाही.

"काही कळलं?" शेवटी विचारायचा.

"नाही, बाबा."

"हं. शुल्ट्झकडे नवा गोठा बांधतायत. रोबो दूध काढणार म्हणे."

"बरं."

"गाई घाबरतील सुरुवातीला."

एवढंच. त्याला काळजी नव्हती असं नाही. टँकरमध्ये एकटं बसून बसून त्याच्या तोंडाला बोलण्याची सवयच राहिली नव्हती. जाताना तो तिच्या गाडीच्या टायरवर लाथ मारून हवा बघायचा, आणि ती निघेपर्यंत रस्त्याच्या कडेला उभा राहायचा.

मार्चमध्ये एका रविवारी दुपारी मॅरेन स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. शेल्बी भांडी पुसत होती. बाहेर छपरावरचा बर्फ वितळून टपटप पडत होता.

"एक विचारू? चिडू नकोस," मॅरेन पाठमोरीच म्हणाली. "तू माझ्या जागी असतीस तर कुठे गेली असतीस?"

शेल्बीच्या हातात बशी होती. ती तिने नको इतकी पुसली. मॅरेन घरकोंबडी होती. शेजारच्या मिनेसोटाच्या पलीकडे ती कधी गेली नव्हती. दर दोन आठवड्यांनी आईकडे कपडे धुवायला जायची. राज्यातलं कॉलेज तिच्या घरापासून दीड तासावर होतं आणि खर्चही निम्मा. खरं उत्तर कुणीही दिलं असतं.

"मी?" शेल्बी म्हणाली, "मी समुद्र बघितला असता."

"खरंच?"

"आयुष्यभर इथेच राहायचं आहे की मग. चार वर्षं तरी बाहेर काढावीत माणसाने."

मॅरेन कांदा चिरत राहिली. शेल्बीने बशी फळीवर ठेवली आणि खोलीत जाऊन पलंगावर बसली. आपण मैत्रीण म्हणून सांगितलं की वेटिंग लिस्टवरची म्हणून, याचा तिने पुष्कळ विचार केला. समुद्र बघावासा तिला खरोखरच वाटत होता. पण तेवढ्यावर तिचं मन मानेना.

मुदतीच्या आदल्या आठवड्यात मॅरेनने निर्णय सांगितला. ती पूर्वेला जाणार होती. राज्यातली जागा तिने सोडली होती. सांगताना ती हसत होती, आणि शेल्बीच्या चेहऱ्याकडे असं बघत होती, जसं एखादं मूल आपण दिलेली भेट उघडणाऱ्याकडे बघतं.

"छान झालं," शेल्बी म्हणाली. आणि खिशातला फोन तिने हळूच चाचपून बघितला.

मग ती देव पाण्यात घालून बसली. फोन उशाशी, फोन आंघोळीला, फोन प्रयोगशाळेत एप्रनच्या खिशात. मुदत गेली. ज्या कुणाला बोलवायचं होतं त्याला त्यांनी बोलावलं असणार. शेल्बीचा फोन एकदा वाजला तो तिच्या आईचा, अ‍ॅरिझोनाहून. तिकडे निवडुंगाला फुलं आली आहेत, हे सांगायला. "आणि तुझं ते कुत्र्यांचं कॉलेज, त्याचं काय झालं गं?"

मे महिन्यात, शेवटचा पेपर देऊन शेल्बी घरी आली आणि जिन्यावरच तिने मेल उघडला. यंदाचा वर्ग भरला होता. वेटिंग लिस्ट बंद करण्यात येत होती. पुढच्या वर्षी अवश्य अर्ज करावा.

मॅरेन खोकी बांधत होती. तिने शेल्बीचं तोंड बघितलं आणि हातातली चिकटपट्टी खाली टाकली.

"नाही?"

"नाही."

"असं कसं? असं कसं होईल?" मॅरेनला रडू फुटलं. "ती जागा तुला मिळायला हवी होती. मी तुझ्यासाठीच सोडली होती ती!"

शेल्बीला आधी काही समजलंच नाही. मग तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. मला वाटलं..."

"काय वाटलं? बसमधली सीट आहे का ती, मी उठले की तू बस? माझ्या पुढे किती जण होते कोण जाणे! कुणातरी अनोळखी माणसाला दिलीस तू ती. त्याला तुझं नावसुद्धा माहीत नाही."

"तूच म्हणालीस समुद्र बघ म्हणून!"

मॅरेन जमिनीवर खोक्यांच्या मधोमध बसून हुंदके देत होती, आणि जिचं सगळं गेलं होतं तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. वास्तविक तिने जाऊन तिला जवळ घ्यायला हवं होतं. ती दारातच उभी राहिली. जी वस्तू आपल्या हाती पडलीच नाही तिचे उपकार मात्र आता जन्मभर डोक्यावर राहणार, हे तिला तिथेच, त्या क्षणी कळलं, आणि मैत्रीण समोर असून तिला इतकं एकटं वाटलं की तितकं आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

पदवीदानाच्या दिवशी दोघींनी काळे झगे घालून शेजारी उभं राहून फोटो काढला. मॅरेनच्या आईने शेल्बीला घट्ट मिठी मारली आणि कानात काहीतरी म्हणाली. बँडच्या आवाजात ते ऐकू आलं नाही. पुन्हा विचारायचा तिला धीर झाला नाही.

उन्हाळ्यात शेल्बीने एका मोठ्या डेअरीवर वासरं सांभाळायची नोकरी धरली. बापानेच शब्द टाकला होता. पांढऱ्या प्लास्टिकच्या खोपट्यांची लांबच लांब रांग, प्रत्येकीत एक वासरू. जन्मलेल्याला चीक पाजायचा, कानात बिल्ला मारायचा, हगवण लागली तर वेगळं काढायचं, बाटल्या धुवायच्या, पुन्हा भरायच्या. तिथे दूध काढणारे सगळे मेक्सिकोचे. त्यांचा म्होरक्या युसेबिओ, पन्नाशीतला, बुटका, सोन्याचा एक दात असलेला. तो तिला 'बाटलीवाली' म्हणायचा. तिला तोडकंमोडकं स्पॅनिश येत होतं, त्याला तेवढंच इंग्रजी. त्यांचं बोलणं गाईंपुरतंच चालायचं, आणि गाईंपुरतं ते अगदी नीट चालायचं.

ऑक्टोबरमध्ये मॅरेनचा फोन आला. पाच महिन्यांत पहिलाच. समुद्र राखाडी आहे म्हणाली, सारखं वारं असतं, वर्गातली सगळी मुलं श्रीमंतांची आहेत.

"घरची आठवण येते?" शेल्बीने विचारलं.

"रोज. पण सांगू का, मला इथे आवडतंय. रडत रडत आवडतंय." मग ती म्हणाली, "तुझ्यासाठी सोडली असं मी म्हणाले ना, ते सगळंच खरं नव्हतं. घरून निघायला मला काहीतरी कारण हवं होतं. आईला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती."

शेल्बी एका खोपटीला टेकून उभी होती. वासरू तिची बाही चोखत होतं.

"मीही समुद्राचं म्हणाले ते सगळंच खरं नव्हतं," ती म्हणाली.

पलीकडे मॅरेन हसली. थोडंसं, पण जुन्यासारखं. मग तिला तासाला जायचं होतं. फोन ठेवल्यावर शेल्बीला वाटलं, आता हलकं वाटेल. थोडं वाटलंही. पण पुढचा फोन कधी येईल, हे दोघींपैकी कुणी बोललं नव्हतं.

शेल्बीने पुन्हा अर्ज केले. या खेपेला अर्जाचं पान रोज उघडायला तिला सवड नव्हती. फेब्रुवारीतल्या एका कडाक्याच्या सकाळी, पाइप गोठलेले, बादल्यांतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा, ती गरम पाणी आणायला शेडमध्ये गेली आणि हातमोजा काढून सहज फोन बघितला. दक्षिणेकडच्या गवताळ मुलखातल्या एका कॉलेजचा मेल होता. पहिलंच वाक्य "आम्हाला आनंद होतो" असं होतं. तिने ते तीनदा वाचलं. मग पाण्याचा नळ बंद केला, कारण बादली वाहू लागली होती.

कुणाला सांगायचं? बाप या वेळी बर्फातून टँकर हाकत असणार. तिकडच्या टेकड्यांत फोन लागत नाही, तरी तिने लावला. लागला नाही. अ‍ॅरिझोनात अजून झोपेची वेळ. मॅरेनचं नाव तिने काढलं, बघितलं आणि फोन खिशात टाकला. तिला सांगायचंच होतं, पण असं थंडीत कुडकुडत, घाईघाईने नव्हतं सांगायचं. वर्षभर जी घडी डोळ्यांपुढे धरली होती ती आली, आणि तिच्याभोवती दूध काढायच्या यंत्रांच्या घरघरीखेरीज कुणीच नव्हतं.

तेवढ्यात युसेबिओ रबरी बूट आपटत आत आला.

"युसेबिओ, मला घेतलं," ती म्हणाली. "शाळेत. जनावरांची डॉक्टर व्हायच्या."

त्याने कान पुढे केला. तिने तुटक शब्दांत पुन्हा सांगितलं. डॉक्टर. गाई. चार वर्षं. लांब.

"लांब?" त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कधी?"

"ऑगस्टमध्ये."

"आणि मग वासरांना बाटली कोण देणार? तो मालकाचा भाचा? तो झोपाळू? मरतील पोरं माझी!"

शेल्बीला हसू आलं, आणि हसता हसता इतक्या दिवसांचं रडू कुठून आलं तिला कळलं नाही. युसेबिओ गडबडला. त्याने डोक्यावरची लोकरीची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि तिच्या हातातली बादली स्वतःकडे घेतली.

"चल," तो आपल्या तोडक्या इंग्रजीत म्हणाला, "गार होतंय पाणी."

दोघं बाहेर आले. रांगेच्या पार शेवटच्या खोपटीपासून वासरं हंबरू लागली होती.