बर्फावरचे गुंडोपंत

पहिल्यांदा माझ्याकडे जेवायला आला तेव्हा मी वाढायला लागायच्या आधीच त्याने एक रिकामी वाटी मागितली. मला वाटलं, आमटी वेगळी हवी असेल. दिली वाटी. त्याने तोंडात बोटं घातली, वरचे पुढचे दात अख्खेच्या अख्खे बाहेर काढले, वाटीत ठेवले, वाटी ताटाच्या डाव्या अंगाला लोणच्याशेजारी नीट सरकवली आणि माझ्याकडे बघून हसला. वय पस्तिशीचं, उंची दाराच्या चौकटीला लागणारी, खांदे लोखंडी कपाटाएवढे आणि हसला की सहा महिन्यांचं बाळ! त्याची आत्या, म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या नलूताई, शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, "मग मीच का अवघडून जेवू?" म्हणाल्या आणि आपली कवळी काढून दुसऱ्या वाटीत ठेवली. दोघं आत्या-भाचे मऊ भात कालवून इतके मनापासून जेवले की मलाच माझे दात उगाच आहेत असं वाटायला लागलं.

त्याचं नाव मिहिर. वर्ष-दीड वर्षच राहिला असेल सदाशिव पेठेत, पण आमच्या इमारतीत त्याला मिहिर कोणी म्हटलं नाही. तळमजल्यावरच्या दामल्यांनी तो आला त्याच आठवड्यात त्याला जिन्यात गाठलं होतं. दामले बँकेतून निवृत्त झालेले, चौकशी हा त्यांचा छंद.

"काय करता आपण तिकडे कॅनडात?"

"हॉकी. बर्फावरची."

"अस्सं. गोल वगैरे मारता?"

"नाही. मी मारामारी करतो."

"म्हणजे खेळताना होते कधी कधी, असं."

"नाही, नाही. तीच नोकरी आहे."

दामले थोडा वेळ गप्प राहिले, आणि दामले गप्प राहणं ही आमच्याकडे बातमी असते. मग म्हणाले, "आणि याचा पगार देतात? कमाल आहे. आपल्याकडे लोक हौसेनं करतात." संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत त्याचे गुंडोपंत झाले होते. त्यालाही ते आवडलं. कोणी हाक मारली की दोन्ही हात जोडायचा.

आता ही नोकरी काय, ते मला त्याने पोळ्या लाटता लाटता समजावलं होतं. म्हणजे लाटत मी होते, तो भाजत होता. प्रत्येक संघात एखादा दांडगा गडी ठेवलेला असायचा म्हणे. आपल्या संघातल्या चपळ, लहानखुऱ्या खेळाडूला कोणी मुद्दाम धडक देऊन आपटलं की या गड्याने पुढे व्हायचं. हातमोजे बर्फावर फेकायचे. समोरच्यानेही फेकायचे. मग गुद्दे. दोघांतला एक खाली पडेपर्यंत पंच बाजूला उभे राहतात, आणि नंतर दोघांना काचेच्या खोक्यात पाच मिनिटं बसवतात. "म्हणजे शाळेत कोपऱ्यात उभं करतात तसं?" मी विचारलं. "हो, पण बसून," तो म्हणाला.

मोठ्या नावाच्या संघात तो कधी पोचला नाही. छोट्या छोट्या गावांचे संघ, रात्रभर बसचा प्रवास, उतरलं की खेळ. लहानपणी आईने बर्फावर घसरायचे पात्यांचे बूट बांधून दिले तेव्हा त्यालाही गोलच करायचे होते. पण अंग वाढत गेलं, पाय काही तेवढे चपळ झाले नाहीत. एका शिक्षकाने सांगितलं, तुझ्याकडून गोल होणार नाही, पण तू नुसता मैदानात असलास की आपल्या पोरांना कोणी हात लावत नाही. वडील त्या दिवसापासून खेळ बघायला आले नाहीत. आई मात्र शेवटपर्यंत जायची. मोजे पडले की डोळे मिटून घ्यायची आणि शेजारणीला विचारायची, "झालं का?"

त्याचं मराठी हा एक वेगळाच प्रकार होता. पाच-सहा वर्षांचा असताना आईवडील त्याला घेऊन गेले. त्यानंतर आई घरात बोलायची तेवढंच. त्यामुळे एवढा धिप्पाड माणूस अगदी बालवाडीतलं मराठी बोलायचा. सगळ्यांना अरे-तुरे. दामल्यांना म्हणायचा, "आजोबा, तू पडशील, हात धर." दामल्यांना त्यांच्या बायकोनेही कधी अरे म्हटलं नसेल, पण ते निमूट हात धरायचे. झोपायला निघाला की "गाई करतो". आणि डोकं दुखायला लागलं की कपाळाला हात लावून म्हणायचा, "काकू, आत बाऊ झालाय."

या बाऊसाठीच तो आला होता. आदल्या मोसमात एका मारामारीत मागच्या मागे पडला आणि डोकं बर्फावर आपटलं. ते काही पहिल्यांदा नव्हतं, पण या वेळी दुखणं गेलंच नाही. उजेड सहन होईना, शब्द आठवेनात. तिकडच्या डॉक्टरांनी बर्फावर पाऊल टाकायचं नाही म्हणून सांगितलं. म्हणून आत्याकडे विश्रांतीला आला. पण संघाने जागा ठेवली होती. भाद्रपदात त्यांचा सराव सुरू व्हायचा, आणि तोवर बरं वाटलं तर ये, असा निरोप होता. गुंडोपंत त्या निरोपावर जगत होते. नलूताईंचा जीव मात्र टांगणीला लागलेला. मला हळूच म्हणायच्या, "अहो, भावाने परदेशी नेला तेव्हा एवढासा होता. आता मी परत पाठवला आणि डोकं फुटून आलं, तर वहिनीला वर जाऊन काय सांगू?"

चूक झाली की त्याची शिक्षा तो स्वतःच घ्यायचा. एकदा नलूताईंची कैरीच्या लोणच्याची बरणी त्याच्या हातून फुटली. कोणी काही बोलायच्या आत हा लिफ्टशेजारच्या स्टुलावर जाऊन बसला. पाच मिनिटं झाली की उठून आला, फडकं घेतलं आणि फरशी पुसायला लागला. मी म्हटलं, "अरे, आधी पुसायचं, मग बसायचं." तर म्हणाला, "आधी बसायचं. नाहीतर हात रागात असतात." पुढे पुढे इमारतीतल्या पोरांना सवयच लागली. भांडण झालं की एक स्टुलावर, एक जिन्याच्या पायरीवर. एकदा तर पाण्याच्या वेळेवरून आपल्या बायकोशी वाजल्यावर खुद्द दामलेच स्टुलावर बसलेले मी पाहिले. मला बघून म्हणाले, "लिफ्टची वाट बघतोय." राहायला तळमजल्यावर!

त्याला हात उचलताना मी कधी पाहिलं नाही. एकदाच वेळ आली होती. एका मिशाळ टेम्पोवाल्याने आमच्या फाटकात टेम्पो आडवा लावला आणि वर दामल्यांनाच शिव्या द्यायला लागला. सगळ्या खिडक्यांतून एकच हाक, "गुंडोपंत!" तो खाली आला. चष्मा काढून फाटकाशी उभ्या असलेल्या माझ्या हातात दिला. टेम्पोवाल्याच्या खांद्याशी त्याचा शर्ट डाव्या हाताने हलकेच धरला आणि अगदी मायेने विचारलं, "तुला करायचंय का?"

टेम्पोवाल्याने त्याला खालून वर पाहिलं. बराच वेळ लागला, कारण उंचीच तेवढी. "काय करायचंय?"

"मारामारी."

"नाही, साहेब."

"बरं. मला पण नाही. गाडी काढ."

टेम्पो गेला, पण आमच्या खिडक्यांची निराशा झाली. दामले म्हणाले, "एक तरी द्यायची होतीत." तेव्हा त्याने त्यांना समजावलं, की आधी विचारायचं असतं. दोघांची तयारी असली तरच मोजे टाकायचे. जो नाही म्हणतो त्याला हात लावला तर आपल्याच संघातले लोक तोंड फिरवतात.

गणपती जवळ आले तशी ढोलपथकांची तालीम सुरू झाली आणि त्याचे हाल कुत्रा खाईना. आम्हाला तो आवाज म्हणजे वर्षाचा सण, त्याला डोक्यात घण. न्हाणीघरात दिवा मालवून, ओला पंचा डोळ्यांवर घेऊन बसायचा. मिरवणुकीच्या दिवशी नलूताईंनी त्याच्या कानांवर आपली लोकरी कानटोपी चढवली, वरून उशी बांधली, आणि दिवसभर त्याचा हात धरून बसल्या.

नंतर आम्ही दोघी त्याला डोक्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी फोटो बघितले आणि सरळ सांगितलं, "अजून एक असा मार बसला, तर या आत्याबाई कोण, हे तुम्हाला ओळखू येईलच असं मी सांगू शकत नाही." नलूताई भिंतीकडे बघत राहिल्या. तो म्हणाला, "पण चिमण्याचं काय?"

चिमण्या म्हणजे त्याच्या संघातला नवा खेळाडू. खरं नाव कठीण होतं, म्हणून चिमण्या हे नाव नलूताईंनीच ठेवलेलं. विशीतला, काटकुळा आणि वाऱ्यासारखा पळणारा. दोन मोसम हा त्याची ढाल होऊन राहिला होता. फोनवर त्याचे खेळ आम्हाला दाखवायचा आणि गोल झाला की स्वतः केल्यासारखा लाजायचा. रिक्षात नलूताई म्हणाल्या, "अरे, त्याला त्याचे आईबाप आहेत ना?" तर म्हणाला, "ते बर्फावर नसतात, आत्या. तिथे मीच असतो." त्याच रात्री संघाचा फोन आला. याने "येतो" म्हणून सांगितलं. तिकीट काढायचंच काय ते बाकी होतं.

नलूताईंनी त्याला अडवलं नाही. त्या नुसत्या त्याचे स्वेटर धुवायला लागल्या.

आणि मग एका दुपारी मी जिना उतरत होते, तर गॅसचा भपकारा आला. नलूताईंचं दार नुसतं लोटलेलं. आत पाहते तो ओट्यावर दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, गॅस सुरूच. नलूताई आतल्या खोलीत झोपलेल्या, आणि हा तिथेच, ओट्यापासून दोन हातांच्या अंतरावर, जमिनीवर बसून आपल्या बर्फावरच्या बुटांवर तेलाचं फडकं फिरवतोय. मी ओरडत जाऊन गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. तो गडबडून उभा राहिला.

"अरे, वास नाही का आला तुला?"

"दूध कोणी ठेवलं?"

"घरात तुझ्याशिवाय जागं कोण आहे?"

तो ओट्याकडे बघत राहिला. मग बारीक आवाजात म्हणाला, "मी ठेवलं? मला आठवत नाही, काकू. आणि वास मला येतच नाही. पडलो तेव्हापासून नाही."

म्हणजे रोज माझ्या दारात येऊन "काय छान वास सुटलाय" म्हणायचा, ते सगळं मला बरं वाटावं म्हणून! तो आतल्या खोलीच्या दाराशी गेला. नलूताई कुशीवर झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं. तो चौकटीला धरून तिथेच उभा राहिला. त्यांचा श्वास चालतोय ना, ते बघत होता बहुतेक. नंतर गॅलरीत जाऊन त्याने फोन लावला. मला इंग्रजी बेताचंच येतं, पण "नो" समजतं. दोनदा म्हणाला. फोन ठेवून माझ्याकडे आला आणि विचारलं, "काकू, मला दुसरं काहीच येत नाही. आता मी काय करू?"

मी म्हटलं, "आधी ओटा पूस. दूध वाळलं की निघत नाही." दुसरं काय सांगणार? पुसला बिचाऱ्याने.

पुढचे काही आठवडे फार वाईट गेले. जेवायचा नाही, दाढी करायचा नाही. दामले रोज येऊन त्याच्यासमोर पेपर वाचत बसायचे, न बोलता. दामल्यांकडून याहून मोठी माया मी पाहिलेली नाही. मग तेच त्याला ओढत चाकांच्या बुटांच्या मैदानावर घेऊन गेले. तिथे लहान पोरं पडून पडून मनगटं मोडून घेत होती. याला राहवेना. पडताना हनुवटी छातीला लाव, हात पुढे टाकू नको, ढुंगणावर बसकण मार, असं आपल्या बालवाडीच्या मराठीत शिकवायला लागला. पोरांना त्याची भाषा मोठ्यांपेक्षा जास्त कळायची. पुढच्या उन्हाळ्यात तो कॅनडाला परत गेला तो याच कामाला. एका गावात लहानग्यांना बर्फावर पडायला आणि उठायला शिकवतो. नलूताईंना दर रविवारी फोन असतो.

तो गेला त्या दिवशी आम्ही सगळेच फाटकात रडलो, पण ते मला फारसं आठवत नाही. आठवते ती त्याच्या आधीची, थंडीतली एक सकाळ. त्याच्या संघाचा मोसम सुरू झाला होता. तिकडे संध्याकाळ, इकडे दूधवाला नुकताच येऊन गेलेला. नलूताईंच्या स्वयंपाकघरात फोन डब्याला टेकवून आम्ही तिघं बघत बसलो होतो. चिमण्या पळत होता. इतक्यात एका आडदांड माणसाने बाजूने येऊन त्याला अशी धडक दिली की तो काचेवर आदळून खाली पडला. हलेना.

गुंडोपंत खुर्चीवरून ताडकन उठला. खुर्ची मागे पडली. मुठी वळलेल्या, मान पुढे, आणि श्वास असा की मला तो दुसराच कोणी वाटला. मी पहिल्यांदाच त्याची नोकरी बघत होते. पण जायचं कुठे? पुढे ओटा, त्यावर दुधाचं पातेलं.

"मिहिर," नलूताई म्हणाल्या. फक्त तेवढंच.

तो उभाच राहिला. फोनमध्ये चिमण्याने एक गुडघा टेकला. मग काठीवर भार देऊन हळूहळू उभा राहिला, डोकं झटकलं आणि पुन्हा पळायला लागला. त्याच्यासाठी कोणी मोजे टाकले नव्हते.

"उठला," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, मला दिसलं नसेल असं वाटून, पुन्हा सांगितलं, "काकू, तो आपला आपण उठला."

त्याच्या मुठी सुटल्या. नलूताईंनी पडलेली खुर्ची उचलून त्याच्यामागे सरकवली, आणि तो तीवर सावकाश, पाठ टेकून बसला.