जागा, वेळ आणि नाव

रिपोर्ट देताना आधी जागा सांगायची, मग वेळ, मग काय घडलं ते. आपलं मत सगळ्यात शेवटी, तेही साहेबांनी विचारलं तरच. हे मला माझ्या मालकांनी शिकवलं. ते शिपाई म्हणून पलटणीत भरती झाले आणि नायब सुभेदार होऊन घरी आले. मी चौथी शिकले आणि घर सांभाळलं. पण फौजी माणूस सुट्टीवर येतो तेव्हा त्याची पोस्ट, पहाऱ्याची चौकी, त्याच्या मागोमाग घरात येते. तिथली हकीगत सांगायला आम्हा बायकांशिवाय कोणी नसतं. माझ्या लेकीलाही फौजी नवरा मिळाला आहे. तिने कधी वाचलं तर वाचो.

जागा, खटाव तालुक्यात वडूजच्या पुढे आमचं गाव. वेळ, साल चौऱ्याण्णवचा उन्हाळा. मालक तेव्हा हवालदार होते. सरहद्दीवरच्या बर्फातल्या पोस्टवरून दोन महिन्यांच्या सुट्टीवर आले होते. सुट्टी संपली की त्याच पोस्टवर, आपल्या सेक्शनच्या जवानांकडे परत जायचं होतं.

त्यांची सुट्टीतली पद्धत ठरलेली असे. पहाटे उठायचं, दाढी करायची, ओढ्यापर्यंत पळून यायचं, चहा घ्यायचा आणि रानात जायचं. त्या सुट्टीत दाढी आणि रान तेवढं चालू राहिलं. झोप लागेना. लागली तरी मुठी वळलेल्या, टाचा जुळलेल्या, माणूस सावधानमध्ये आडवा केल्यासारखा. झोपेत दात खात. पोटात जळजळ, म्हणून भाकरी अर्धी टाकून उठत. तंबाखू वाढली. पोरीच्या हातून तांब्या पडला तर तिच्यावर असे ओरडले की ती त्यांच्याशी बोलायची बंद झाली.

आणि चहा सोडला. सासूबाई म्हणायच्या, "लोकांची पोरं फौजंत जाऊन दारू शिकत्यात. आमचं च्या इसरून आलं."

आणखी एक गोष्ट मला दिसत होती. आधीच्या सुट्ट्यांत त्यांच्या तोंडात एकच नाव असायचं, सर्ज्या. हे नाईक सर्जेराव, म्हसवडकडचे, त्यांचे बडी. फौजेत दोघादोघांची जोडी लावतात. एक झोपला तर दुसरा जागा, एकाचं पाणी दुसऱ्याचं. सर्जेराव त्या हिवाळ्यात पोस्टवर कामी आले. ते मला गावातल्या दुसऱ्या फौजीच्या घरून कळलं. मालकांनी मला सांगितलं नाही. ते नावच त्यांनी टाकून दिलं होतं.

शेजारच्या रानात पांडू भावजींच्या विहिरीचं काम चालू होतं. खडक फोडायला सुरुंग लावत. बार उडवायच्या आधी शिट्टी वाजवायची पद्धत आहे. त्या दुपारी वारा उलटा होता, शिट्टी आमच्यापर्यंत आली नाही. मी, मालक आणि पोर ज्वारीची धसकटं वेचत होतो. बार उडाला. मला कळायच्या आत मालकांनी पोरीला बांधाच्या आडोशाला टाकलं होतं आणि तिच्यावर स्वतः पालथे पडले होते. ओरडले ते एवढंच, "सर्ज्या, खाली!"

मग त्यांना उठता येईना. तोंड राखेसारखं झालं. घाम फुटला, छातीवर हात, श्वास तोकडा. विहिरीवरची माणसं पळत आली. जिवंत आहेत हे बघितल्यावर पांडू भावजी, लहानपणचे मित्र, म्हणाले, "हवालदार, बाँब न्हवं रं गड्या, माजी हीर हाय." सगळे हसले. मालकही हसले. पण हात थरथरत होते आणि त्यांनी ते काखेत दाबून धरले होते. ते मी बघितलं.

वडूजच्या डॉक्टरांनी बीपी बघितला. फार वर गेला होता. टेन्शनमुळे असेल म्हणाले, पण छातीचं दुखणं आहे, सांगलीला जाऊन कार्डिओग्राम काढा. बाहेर आल्यावर मालक मला म्हणाले, "टेन्शन हापिसातल्या मान्सांस्नी आसतं. घरात बोलू नगंस."

त्यांची भीती मला ठाऊक होती. बीपी कागदावर आला की मेडिकल कॅटेगरी उतरते, प्रमोशन थांबतं. आणि वर जायच्या तोंडावर जो सिक रिपोर्ट करतो त्याला पलटणीत काय म्हणतात, ते मी इथे लिहीत नाही. माझी भीती वेगळी होती. हा माणूस असाच वर गेला तर एकटा मरणार नाही, हाताखालच्या पोरांना घेऊन मरेल.

सांगलीला माझा भाऊ असतो. त्याला भेटायचं निमित्त सांगून एस.टी.ने गेलो. डॉक्टर वयस्क होते. कार्डिओग्राम चांगला आला. ते मालकांना म्हणाले, "हवालदारसाहेब, धोका दिसला की शरीर लढायला उभं राहतं. ठोके वाढतात, रक्ताचा दाब वाढतो, भूक आणि झोप बाजूला पडते. ते बरोबरच आहे. धोका गेला की शरीरानं खाली बसायला हवं. तुमचं बसलेलंच नाही. असंच उभं राहिलं तर आज चांगलं असलेलं हृदय उद्या चांगलं राहणार नाही." मग विचारलं, मनात काय आहे?

"नो प्रॉब्लेम, सर."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघितलं. परक्या माणसापुढे बोलायची मला सवय नव्हती. ते म्हणाले, परत जायच्या आधी मिलिटरी हॉस्पिटलला दाखवा, काही लपवू नका. मालक म्हणाले, दाखवतो. दाखवणार नाहीत हे मला कळत होतं.

एस.टी.ला वेळ होता. कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो. तिथे आम्हाला ओळखणारं कोणी नव्हतं. खाली एक बाई धुणं धूत होती.

मी म्हटलं, "आवं, सर्जेरावांचं काय झालं?"

"नाव काढू नगंस."

आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. नाव घेतलं की त्याचं आयुष्य उणं होतं म्हणतात. घ्यायचंच झालं तर उखाण्यात. लग्नात मी घेतलं ते इतकं हळू की बायकांनी तीनदा घ्यायला लावलं. त्यानंतर कधी मोठ्यानं घेतलं नव्हतं. घाटावर मला ते आठवलं.

मी म्हटलं, "मी बी तुमचं नाव घेत न्हाई. तुमी हायसा म्हनून घेत न्हाई. तुमचा गडी तर गेला. आता नाव घेतल्यानं त्याचं काय उणं हुनार?"

ते उठायला लागले.

"मी आदी घेते. मग तुमी घ्या."

आणि मी घेतलं. मोठ्यानं.

"यमाईच्या डोंगराला पायऱ्या लय, दिनकररावांच्या संगं कसलं भय."

धुणं धुणारीनं मान वर केली. मालक माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "बाप्ये उखाणा घेत्यात व्हय?"

"लग्नात घेतला हुता की. निम्मा."

त्या सुट्टीत ते पहिल्यांदा खरं हसले. पाण्याकडे वळले. मग म्हणाले,

"बर्फातल्या बंकरात स्टोची ऊब, सर्जेराव गडी माजा हसायचा खूब."

शेवटच्या शब्दाला आवाज गेला. मी पदर दिला नाही, पाठीवर हात ठेवला नाही. ते फौजी होते. मी म्हटलं, "आता रिपोर्ट द्या. आदी जागा."

त्यांनी दिला. जागा, वरची पोस्ट. वेळ, संध्याकाळ, स्टँड-टू, म्हणजे अंधार पडताना सगळ्यांनी हत्यार घेऊन उभं राहायची वेळ, नुकतीच संपलेली. तोफांच्या माऱ्यात खालच्या पोस्टची टेलिफोन लाईन तुटली. सेक्शन कमांडर म्हणून वायरलेस सेटवर ते स्वतः होते. त्यांनी सर्जेरावांना हुकूम दिला, लाईन चेक कर. सर्जेराव बंकरच्या दारातून वळून म्हणाले, "जातो गड्या. च्या ठेव." यांनी स्टोवर पाणी ठेवलं. एक गोळा जवळ पडला, दारातूनच सर्जेराव पडलेले दिसले. सेटवर कंपनीचा आवाज आला, "रिपोर्ट भेजो, ओव्हर." आवाज हलू न देता यांनी उत्तर दिलं, "वन कॅज्युअल्टी. ओव्हर." मग बाहेर गेले. सर्जेरावांनी तुटलेल्या वायरचं एक टोक सोलून ठेवलं होतं. यांनी लाईन जोडली. परत आले तेव्हा पाणी आटून किटली जळत होती.

"त्यो वास जात न्हाई," ते म्हणाले. "हुकूम माजा हुता."

"लाईन चालू झाली का?"

"झाली."

"मग काम दोघांनी पुरं केलं."

मत विचारलं नव्हतं, तरी मी पुढे बोलले. "तुमीच सांगितलं हुतं, संत्री वेळेवर बदलला न्हाई तर त्यो आपल्याच मान्सावर गोळी घालतो. हिवाळ्यापासनं तुमी उभं हायसा. तुमची बदली कवा?"

त्यांनी उजवा हात पुढे धरून बघितला. तो हलत होता. एस.टी.त बसल्यावर म्हणाले, "पुण्याला जातो. सिक रिपोर्ट करतो."

पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलात त्यांनी मेजर डॉक्टरांना घाटावरचाच रिपोर्ट दिला, तसाच्या तसा. ॲडमिट करून घेतलं. बीपीची गोळी, मीठ कमी, तंबाखू बंद. झोपायची आणि उठायची एकच वेळ. सकाळी पळायचं नाही, चालायचं. दिवसातून दोनदा ताठ बसून श्वास हळू घ्यायचा, त्याहून हळू सोडायचा. आणि रोज कुणाशी तरी बोलायचं. कॅटेगरी उतरली. प्रमोशन मागे पडलं. त्यांचा सेक्शन दुसरा हवालदार वर घेऊन गेला. तेव्हा ते दिवसभर बोलले नाहीत, पण संध्याकाळी बोलले.

सिक लीव्हवर घरी आले तेव्हा हाताची थरथर कमी झाली होती. पांडू भावजी प्रत्येक बाराच्या आधी स्वतः बांधावर येऊन उभे राहत. "हवालदार, बार हाय. कान झाक." मग दोघं बांधावर बसून बार ऐकत.

त्याच लीव्हमध्ये आम्ही म्हसवडकडे गेलो. सर्जेरावांच्या आईनं इतके दिवस का आला नाहीस, असं विचारलं नाही. बसा म्हणाली, च्या ठेवते. मी मालकांकडे बघितलं. ते मांडी घालून बसले. स्टोचा आवाज येत होता. श्वास हळू घेत होते, हळू सोडत होते.

म्हातारीनं विचारलं, "शेवटचं काय बोलला त्यो?"

"जातो गड्या, च्या ठेव, म्हनला."

"लय लागायचा च्या त्याला," म्हणाली. आत जाऊन आणखी एक कप भरून आणला आणि फोटोपुढे ठेवला. मग मालकांनी आपला कप दोन्ही हातांनी उचलला आणि प्याले.

पुढे कॅटेगरी वर आली. रिक्रुटांचे उस्ताद झाले. त्यांच्या हाताखालचा एक जवान एकदा आमच्या घरी आला होता. तो म्हणाला, "उस्ताद रोज सांजच्याला इचारायचे, आज मनावर काय बसलंय ते बडीला सांगितलं का? न सांगता झोपलं तर दुसऱ्या दिवशी पळवायचे." मी आत चुलीपाशी होते. तिथूनच ऐकलं आणि मान ताठ झाली. नायब सुभेदाराची फीत लागली तेव्हाही इतकी झाली नव्हती.

आता माझा रिपोर्ट पुरा करते. त्या पोस्टवर जे राहिले त्यांचं नाव नाईक सर्जेराव. त्यांच्या बडीचं नाव दिनकर, मी हे लिहिते आहे तेव्हा ते ओसरीवर चहा पीत बसलेत. दोन्ही नावं मी उखाण्याशिवाय लिहिते आहे.