खाटेभोवतीचा येशू

माझे सासरे भोरमध्ये इतिहास शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी एसटी स्टँडवरून घरी येईपर्यंत त्यांना इतके जुने विद्यार्थी भेटायचे की त्यांच्याबरोबर भाजी आणायला जाणं मी लग्नानंतर लवकरच बंद केलं. त्यांचा एक शब्द गावभर माहीत होता. 'पुरावा?' राजगडावर सहल नेली आणि पायथ्याच्या पालीतल्या कोणी मुलांना सांगितलं की या बुरुजाखालून भुयार निघतं, की हे शांतपणे विचारणार, "पुरावा?" घरातही तीच तऱ्हा. सासूबाई म्हणाल्या की शेजारीण आपल्यावर जळते, तरी तोच प्रश्न. मग सासूबाई नाक मुरडून स्वयंपाकघरात जायच्या आणि भांडी जरा जोरात ठेवायच्या.

अशा माणसाची वाचा गेली. अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. पाय पुढे थोडा हलायला लागला, पण तोंडातून शब्द म्हणून निघेना. समजत सगळं होतं, आणि तेच वाईट होतं. डॉक्टर म्हणाले, बोलणं परत येऊ शकतं, बोलतं करत राहा. पुण्याहून चित्रांची कार्डं आणली. आंबा, चमचा, मोर. ज्यांनी अख्ख्या गावाला इतिहास शिकवला त्यांच्यासमोर मी मोर धरून "हे काय आहे, बाबा?" विचारायचे आणि ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. मला आधी राग यायचा, मग रडू यायचं. त्यांनी प्रयत्न सोडून दिलाय, आता ते असेच मुके राहणार, ही भीती घरात सगळ्यांनाच होती. कोणी बोलून दाखवत नव्हतं एवढंच.

मी पंचायत समितीत नोकरीला, नवरा शिरवळच्या कंपनीत, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांनी कधीच संप पुकारलेला. म्हणून दिवसभरासाठी बाई शोधली. ती उत्रोलीहून यायची. मूळची वेल्ह्याकडची, पण वडील एका मिशन दवाखान्यात स्वयंपाकी होते, तिथंच लहानाची मोठी झाली आणि पेशंटचं सगळं करायला शिकली. तिचं मोकळं कपाळ पाहून सासूबाईंनी पहिल्याच दिवशी आवाज खाली आणून विचारलं, "मालक...?"

ती हसली. "हायेत की. टेम्पो चालवत्यात. आमी ख्रिस्ती हाय, काकू."

सासूबाई ओशाळल्या आणि तिला चहाबरोबर दोन चकल्या जास्त दिल्या. आम्ही तिला मावशी म्हणू लागलो.

मावशीची एक रीत होती. दुपारी बाबांना भरवून, अंग चोळून झालं की खाटेशेजारी स्टुलावर बसायचं आणि बायबलातलं शुभवर्तमान मोठ्यानं वाचायचं, ओळीखाली बोट फिरवत. ते बाबांसाठी नव्हतं, तिचं रोजचंच होतं. बाबा डोळे मिटून पडलेले असायचे. एकदा वाचता वाचता येशू मेल्यावर तिसऱ्या दिवशी कबरीतून उठला, हा भाग आला. बाबांनी डोळे उघडले आणि डावा हात धाडकन खाटेवर आपटला.

सासूबाई गुडघे विसरून धावत आल्या. "अगं, त्यांना त्रास होतोय. मनातल्या मनात वाच ना, बाई."

"काकू, त्या आंब्याचं चित्र बगून सरांनी कधी असा हात आपटला का?" मावशी म्हणाली. "चिडू द्या त्यान्ला. चिडलेला माणूस लई येळ गप ऱ्हात न्हाई."

त्या दिवसापासून ती रोज तेच पान वाचू लागली. मला हा छळ वाटत होता आणि मी तिला तसं सांगितलंही. ती "व्हय ताई" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पान उघडलं. त्या शनिवारी मला सुट्टी होती. मी कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. कबरीवरचा दगड बाजूला झाला, आत प्रभू नव्हते, इथपर्यंत मावशी आली आणि बाबांचा चेहरा लालबुंद झाला. ओठ थरथरले. "पु..." आणि मग, केवढा तरी वेळ गेल्यावर, "पुरा... वा?"

सासूबाई दारातच खाली बसल्या. मी हातातली घडी तोंडाशी धरून रडले. मावशीनं मात्र पुस्तकात बोट ठेवून, जणू रोजच बोलतायत अशा सुरात उत्तर दिलं, "पुरावा माज्याकडं न्हाई, सर. इस्वास हाय. तुमच्याकडं काय हाय ते तुमी सांगा."

त्यांच्याकडे पुष्कळ होतं. ते बाहेर काढायला मग घरात रोज भांडण सुरू झालं. बाजारपेठेतले एक शिंपी बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. दुकान बंद असायचं त्या दिवशी दुपारी चहाला यायचे. बाबा मुके झाल्यापासून बिचारे नुसते स्वतःच्या चपलांकडे पाहत बसायचे. मावशीचं वाचन ऐकून त्यांनाही राहवलं नाही.

"आमच्याकडे ईसा मोठे पैगंबर," ते म्हणाले. "बीबी मरियमचे चिरंजीव. पण त्यांना कोणी सुळावर मारलंच नाही. अल्लाहनं वर उचलून घेतलं. मेलेच नाहीत, तर उठणार कुठून?"

मावशीचा चेहरा उतरला. "मेले न्हाईत? मग आमी उत्तम शुक्रवारी उपास धरतो, रडतो, ते कुणासाठी? त्यांनी माज्यासाठी जीव दिला, भाऊ. तेवढं काडून घेऊ नका."

शिंपीकाका गडबडले. काढून घ्यायचं त्यांच्या मनात नव्हतं, पण किताबात आहे ते नाही कसं म्हणणार? तेवढ्यात बाबांनी वर्गात करायचे तसा डावा हात वर केला.

"रोमन... सुभेदार," ते म्हणाले. श्वास घेतला. "मारलं. नोंद... आहे."

"बगा," मावशी खुलली, "सर माज्या बाजूनं हायेत."

"निम्मा," बाबा म्हणाले.

त्या निम्म्याचा अर्थ पुढे कित्येक दुपारी, एकेका शब्दानं उलगडत गेला. येशू नावाचा माणूस होऊन गेला, हे त्यांना मान्य. यहुदी, सुताराचा मुलगा, खेड्यापाड्यांत फिरून गोरगरिबांत बोलणारा. रोमन सत्तेनं त्याला वधस्तंभावर मारलं, हेही मान्य. म्हणजे इथे शिंपीकाकांशी वाद. देवाचा पुत्र आणि मेल्यावर उठला, हे इतिहासाच्या हातात येत नाही. म्हणजे इथे मावशीशी वाद. शुभवर्तमानं तो गेल्यावर बऱ्याच वर्षांनी लिहिली गेली, हे सांगायला त्यांना जवळजवळ एक आठवडा लागला. मावशी आणि काका खुर्च्या पुढे ओढून, मध्ये एकही शब्द न सुचवता, पुढच्या अक्षराची वाट पाहत बसायचे. आपलंच म्हणणं खोडायला निघालेल्या माणसाचं बोलणं इतक्या धीरानं ऐकून घेणारे लोक मी दुसरीकडे पाहिले नाहीत. त्या दोघांची मी जन्मभर ऋणी आहे.

एकदा सासूबाईंनीही भाग घेतला. "त्यात काय एवढं? तो म्हणे तरुणपणी आपल्याकडे हिमालयात येऊन योगी झाला होता. कुठल्या तरी दिवाळी अंकात होतं."

"थापा," बाबा म्हणाले. एका दमात, स्वच्छ. आणि या एका मुद्द्यावर मावशी, शिंपीकाका आणि बाबा तिघांचं एकमत झालं. सासूबाई रागावल्या, पण आत जाताना हसत होत्या, हे मी पाहिलं. त्यांच्या नवऱ्यानं खूप दिवसांनी त्यांना खोडून काढलं होतं.

बोलणं शिकवणाऱ्या पुण्याच्या बाई आल्या तेव्हा चक्रावल्या. पेशंटला 'चमचा' येत नव्हता, 'यहुदी' येत होता.

सासूबाईंचं मात्र निराळंच काही चाललं होतं. मावशीनं औषधांच्या बाटल्यांमागे येशूची लहानशी तसबीर उभी करून ठेवली होती. एक दिवस तसबिरीतल्या येशूच्या कपाळावर कुंकू दिसलं.

"काकू, आमच्यात असलं चालत न्हाई," मावशी अवघडून म्हणाली.

"कुंकवाशिवाय देव उघडा वाटतो गं," सासूबाई म्हणाल्या. मावशीनं पदरानं हळूच पुसलं आणि दोघींनी तो विषय वाढवला नाही.

खरी गोष्ट कळली ती भातकापणीच्या दिवसांत. बाबा तोवर छोटी वाक्यं बोलू लागले होते. सासूबाईंनी स्वयंपाकघरात पाच नारळ शेंडीनं दोरीत गुंफायला घेतले, तेव्हा मी विचारलं. आंबवड्याच्या देवापासून सगळ्यांना साकडं घालून झाल्यावर त्यांनी त्या तसबिरीलाही नवस बोलला होता. यांना बोलू दे, तुला पाच नारळांचं तोरण बांधीन.

मावशी घाबरलीच. "अवो, आमचे प्रभू नवस घेत न्हाईत. ते देतात ते फुकाट देतात."

"फुकट कसं ठेवून घ्यायचं?" सासूबाईंचे डोळे भरले. "बोललेला नवस फेडला नाही आणि उद्या यांची वाचा पुन्हा गेली तर?"

ती भीती खोटी नव्हती. मलाही ती रोज सकाळी वाटायची, त्यांनी दिवसाचा पहिला शब्द उच्चारेपर्यंत.

तोरण बांधायचं कुठे, यावर पुन्हा चौघांची बैठक बसली. मावशीच्या चर्चला बांधता येत नव्हतं. आमच्या देवघराला बांधलं तर नवस दुसऱ्याच देवाला जाणार. शिंपीकाका म्हणाले, यातलं मला काही विचारू नका. बाबा ऐकत होते. मग त्यांनी मावशीकडे बोट केलं आणि म्हणाले, "मावशीच्या दाराला."

मावशीनं मान हलवली. "माजी ना न्हाई, सर. पर रविवारी प्रार्थना झाली की आमची माणसं जमत्यात माज्या घरी. दारावर नारळ बगून म्हनतील, हिनं देव बदलला. मी काय सांगू त्यान्ला?"

तिच्या दृष्टीनं ते साधं नव्हतं. आमच्यासाठी रोज येता येता ती तिच्याच माणसांत परकी होणार होती. सासूबाईंनी हातातली दोरी मांडीवर ठेवली आणि मला वाटलं, राहिलंच आता.

बाबा उशीला रेलून सरळ बसले. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. कोणीही मध्ये बोललं नाही, ती आता आमच्या घराची सवय झाली होती.

"त्यांना सांगा," ते मावशीला म्हणाले, "देवाला नाही बांधलं. तुम्हाला बांधलं. सरांच्या घरानं." थांबले. पुन्हा श्वास घेतला. "कोणी पुरावा मागितला... तर मला बोलवा. मी येईन. मी बोलेन."