डोळ्यावरचा भंडारा

आमच्या घरी चार माणसं बसली की किस्से निघतात, आणि बहुतेक किस्से कुणीतरी मेल्यावर संपतात. लोकांकडं लग्नाचे, जत्रेचे किस्से साठतात, आमच्याकडं तेराव्याचे. पुरुष चाळिशीत जातात, म्हाताऱ्या मागं राहतात आणि सांगत बसतात. मी सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, तेव्हा सगळे म्हणाले, पोरगं वाया गेलं. मी म्हणालो, "चाळिशीत जायचं असंल तर निम्मं आयुष्य बाकावर कशाला घालवू?" यावर सगळ्यांकडं फक्त शिव्या होत्या!

सोलापुरात आमचं घोंगड्यांचं दुकान. मूळचे आम्ही सांगोल्याकडचे धनगर, कुलदैवत खंडोबा. आमच्या घरातल्या काही पुरुषांना पंचविशी-तिशीत पापण्यांवर, नाकाच्या बाजूला पिवळे चट्टे उठतात. हळदीचं बोट टेकवल्यासारखे. म्हाताऱ्यांनी ठरवून टाकलं, हा खंडोबाचा भंडारा. देवानं माणूस निवडला! ज्याच्या डोळ्यावर भंडारा, त्यालाच दुकानाची गादी. आजोबांना पडला, वडलांना पडला, काकाला पडला. तिघंही गादीवरनंच उचलले.

आजोबांचे धाकटे भाऊ आबा. त्यांच्याकडं देवानं ढुंकून बघितलं नाही. पापण्या कोऱ्या, म्हणून गादी नाही. पण गादीवाले एकेक करून जात राहिले आणि पोरं मोठी होईपर्यंत दुकान आबाच सांभाळत राहिले. नव्वदीला टेकलेत. अजून गादीशेजारी पाट टाकून बसतात!

*

वडील त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. गिऱ्हाइकापुढं घोंगडं उलगडलं, "हात लावून बघा, कसं मऊ हाय," म्हणाले आणि त्याच घोंगड्यावर आडवे झाले. गिऱ्हाईक बिचारं बराच वेळ घोंगडं चाचपत होतं. त्याला वाटलं, मालक झोपून दाखवतायत!

तेराव्याला आबा सगळ्यांना सांगत होते, "कितींदा सांगितलं त्याला, च्या कमी पी. ऐकतंय कोन?"

हे सांगताना आबांच्या हातात चहाची बशी होती. दुसरी.

*

तालमीनं एकदा आबांचा सत्कार केला. दीर्घायुष्याबद्दल! शाल, नारळ, माईक. आबा सुरू झाले, "पहाटं उठायचं. गार पान्यानं आंगूळ. जोर-बैठका. माज्या थोरल्या भावानं अंगाला कष्ट दिलं न्हाईत, म्हनून गेला बिचारा."

मी मागून ओरडलो, "आबा, तुमचा थोरला भाऊ ह्याच तालमीचा पैलवान हुता! भिंतीवर फोटू हाय की!"

सगळी तालीम वळून फोटोकडं बघायला लागली. मांडीएवढे दंड, गळ्यात हार. आबांनीही बघितलं. जराही न अडखळता माईकवर म्हणाले, "तेच की! लई कष्ट दिलं त्यानं अंगाला!"

टाळ्या पडल्या. माणूस नव्वदीला पोचला की काहीही बोलावं, लोक टाळ्या देतात.

*

वडलांच्या आणि काकाच्या मागं माझा थोरला भाऊ मल्हारी गादीवर बसला. मी त्याला दादा म्हणतो. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर भंडारा. एकदा त्याच्या टाचा दुखायला लागल्या म्हणून मी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. टाचेमागची शीर दाबून त्या म्हणाल्या, "इथं गाठी आहेत. आणि हे डोळ्यांवर कधीपासून?"

"देवाचा भंडारा हाय जी त्यो."

"वडील आहेत?"

"न्हाईत. त्रेचाळिसाव्याला गेलं."

"आजोबा?"

"त्याच्याबी आदी."

"काका?"

दादानं नुसतं वर बोट केलं. बाईंनी स्टूल जवळ ओढलं आणि सावकाश समजावलं. हे चट्टे, या गाठी म्हणजे चरबी. काही घराण्यांत जन्मापासूनच रक्तात फार चरबी असते. आई-बापाकडून पोराला येते. आली तर आली, नाही तर नाही, नाणं उडवल्यासारखं. प्रत्येक पोरासाठी नाणं वेगळं. ज्याला आली त्याच्या काळजाच्या नळ्या तरुणपणीच बुजत जातात.

मी विचारलं, "आन् आमच्या आबांचं गार पानी, जोर-बैठका?"

"चांगलंच आहे की. पण तुमच्या आबांच्या वाट्याला ही चरबी आली नाही, हे त्यांचं खरं नशीब."

बाहेर आल्यावर दादा पायरीवरच बसला. मग म्हणाला, "म्हंजे ज्येला मरायचंय त्येलाच हुडकून आपन गादीवर बसवत हुतो व्हय रं?"

*

घरी सांगितलं तर आबा उसळले, "खंडोबाच्या भंडाऱ्याला चरबी म्हनती? कुनाची कोन ती बाई?"

दादानं मात्र त्या दिवसापासून तूप सोडलं, बिडी सोडली, मटण सोडलं. धनगराच्या घरात मटण सोडणं म्हणजे घर सोडल्यासारखंच! जत्रेचं बकरं पडलं, पंगत बसली आणि दादाच्या ताटात भाकरी आणि शेंगाची चटणी. आबा समोरच नळी चोखत बसलेले. म्हणाले, "देवाचा परसाद टाकतोस? कुळ बुडवशील!"

मी म्हणालो, "कुळ कवाच बुडालंय आबा. तुमी तेवडं वर तरंगताय!"

आबांनी हातातली नळी फेकून मारली. कपाळाच्या मधोमध लागली. नव्वदीतही नेम पक्का!

*

काकूची गोष्ट तर सांगायची लाज वाटते. काका गेला तेव्हा तिचा बिरा लहान होता. तो पंचविशीचा झाल्यापासून काकू रोज उजेडात धरून त्याच्या पापण्या बघायची. चट्टा काही उठेना. दादानंतर गादी बिराला मिळावी, एवढंच तिच्या डोक्यात. शेवटी बिरा दुपारी झोपलेला असताना तिनं स्वतःच हळद लावली. टिकावी म्हणून चिमूटभर चुना कालवला!

हळदीत चुना पडल्यावर व्हायचं तेच झालं. बिरा बोंबलत बाहेर आला. पापण्या लालभडक, डोळे सुजून बंद. आबा पाटावरनं ओरडले, "आरं, ह्येच्यावर भंडारा न्हाय, कुंकू पडलं!"

दवाखान्यातनं आल्यावर मी काकूला धरून बसवलं. म्हणालो, "काकू, बाईंनी बिराचं रक्त तपासलंय. त्येला त्यो आजार न्हाय. काका गेला तसा त्यो जायचा न्हाय! पेढं वाट!"

काकू पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आन् जगून काय करंल? आबावानी पाटावर बसंल?"

*

आता माझं. रोज सकाळी मी आरशात खालच्या-वरच्या पापण्या ताणून बघतो. अजून कोऱ्या आहेत. पण बाई म्हणाल्या, चट्टा नाही म्हणून निर्धास्त राहू नका, रक्त द्या. सगळ्यांना मी ओढून नेलं, दादाला, बिराला, चुलत भावांना. आबांनाही नेणार होतो, ते काठी घेऊन धावले. माझं रक्त मी अजून दिलेलं नाही.

परवा दाढीला बसलो होतो. डोळे मिटलेले. न्हावी वस्तरा थांबवून म्हणाला, "भाऊ, डोळ्यापाशी पिवळं काय हाय?"

आरशात बघायची हिंमत होईना. खुर्चीचे हात धरून बसून राहिलो.

त्यानं अंगठ्यानं पुसलं आणि अंगठा माझ्यापुढं धरला. "भंडारा हाय की! बाळ्याला खंडोबाच्या जत्रंला गेलतासा व्हय?"

मी अर्ध्या दाढीनं उठून बाहेर गेलो आणि गटारीत ओकलो. न्हावी मागून म्हणत होता, "देवाचाच हाय हो! भ्यायचं काय त्यात?"

*

या सालातलीच गोष्ट. दादाला त्रेचाळिसावं, वडील गेले ते वर्ष, संपून चव्वेचाळिसावं लागलं. त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, मीही बोललो नव्हतो. वर्षभर घरात कुणी मोठ्यानं दार आपटलं तरी आम्ही सगळे आधी दादाकडं बघायचो. त्या दिवशीही तो रोजच्यासारखा दुपारी दुकानातनं आला, हातपाय धुतले आणि चुलीपुढं जेवायला बसला.

आमची आई दादाला जन्मापासून "आरं मल्ल्या" म्हणते. घोंगड्यांच्या गठ्ठ्यावरनं पडला होता तेव्हाही "मेलास का रं मल्ल्या?" असंच ओरडली होती.

त्या दिवशी तिनं ताट वाढलं. पाण्याचा तांब्या ठेवला. मग डोक्यावरचा पदर पुढं ओढला, दाराआड सरकून उभी राहिली आणि मान खाली घालून म्हणाली, "जेवा."

दादा म्हणाला, "आये, मी हाय. मल्ल्या."

"ठावं हाय," आई म्हणाली. "त्येंच्यापरीस मोटं झालासा आता तुमी."

दादाचा घासाचा हात तसाच राहिला. दुसरा हात आपसूक छातीवर गेला.