आधी तांडेल

“थांबा, मी बघतो,” असं म्हणून तांडेल समुद्राकडे तोंड करीत, डोळे मिटत आणि वारा हुंगत. तोवर बंदरावर कुणी हलत नसे. नारळी पौर्णिमेला नारळ सोडून झाला, तरी त्यांचा मचवा सुटल्याशिवाय दुसरी होडी सुटत नसे.

पुढे मचवा विकून ते घरी बसले, पण लोकांची सवय गेली नाही. त्यांनी आमच्या पेढीत पैसे ठेवले आणि महिन्याभरात निम्मं बंदर आलं. मी तिथे कारकून. एकानेही पेढीबद्दल काही विचारलं नाही. “तांडेलांनी ठेवलेत ना? मग झालं!” त्यात मला तेव्हा धोका दिसला नाही, उलट बरं वाटलं.

मग मंदी आली. आगबोटीतून उतरणारा प्रत्येक जण मुंबईत कामं सुटल्याच्या बातम्या आणी. एका सोमवारी तांडेल आले आणि जवळजवळ सगळे पैसे काढले. खिडकीत वाकून म्हणाले, “थोरल्याला क्षय झालाय. मिरजेच्या इस्पितळात न्यायचाय. कुणाला कळता नये. धाकटीचं लग्न ठरायचंय.”

मी शब्द दिला.

पिशवी काखेत घेऊन जाताना त्यांना समोरच्या वाण्याने पाहिलं. दुपारी दहा माणसं आली. दुसऱ्या दिवशी रांग पिंपळापर्यंत.

“पेढी बुडते काय ओ?”

“नाही.”

“मग तांडेलांनी का काढले?”

माझं गप्प बसणं हेच त्यांना उत्तर वाटलं.

तिसऱ्या दिवशी तांडेल तीच पिशवी घेऊन परत आले आणि रांगेच्या शेवटी उभे राहिले. कुणाची पाळी त्यांनी कधी मोडली नव्हती.

“तांडेल परत आले! उरलेले काढतायत!”

“अरे, मी भरायला आलोय!”

“आमाला काय खुळे समजता?” एक बाई हसली. ते खिडकीशी पोचेपर्यंत रांग दुप्पट झाली.

“मिरजेचं काय?” मी हळूच विचारलं.

“आधी हे थांबू दे. मी बघतो.”

मी पैसे घेतले आणि त्यांच्या मागच्या चौघांना वाटून टाकले. बारा वाजता मालकांनी दार लावलं. ते पुन्हा उघडलं नाही.

थोरला श्रावणात घरीच वारला. एव्हाना रोगाचं नाव सगळ्यांना कळलं होतं. मी यादी करून बांबू, सुतळी, मडकं, गोवऱ्या, सगळं आणून अंगणाच्या तोंडाशी ठेवलं होतं. खांदेकऱ्यांची नावं तेवढी लिहायची राहिली होती. अंगणाच्या दगडी गडग्याबाहेर तीस-चाळीस माणसं होती आणि जो तो शेजाऱ्याकडे बघत होता. कुणी एक आत गेला की आपण जाऊ, असं मीही ठरवलं होतं.

तांडेल बाहेर आले. आम्हा सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. आत गेले आणि मुलाला दोन्ही हातांवर उचलून घेऊन आले. फार हलका झाला होता तो.

माणसांनी वाट दिली. ते समुद्राकाठच्या स्मशानाकडे चालू लागले. तांडेल निघाले आणि मागून कुणीच सुटलं नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

यादी माझ्या हातातच होती.